यादीत न लिहिलेलं पाकीट

माझ्या पोराच्या सामानाची यादी करताना मी चौदाव्या नंबरवर दुसऱ्याचाच कुकर लिहिला. ‘कुकर, ॲल्युमिनियम, तीन लिटर, शिट्टीसह, एक.’

दारात त्याचा रूममेट सुमेध उभा होता. हळूच म्हणाला, “काका, कुकर माहा हाय.”

मी ओळ खोडली आणि बाजूला छोटी सही केली. फौजेत खाडाखोडीवर सही लागते. इथे ना ऑफिसर होता ना क्लार्क. बुलडाण्यातली दहा बाय बाराची भाड्याची खोली होती, आणि इन्फंट्रीतून नायब सुभेदार म्हणून रिटायर झालेला मी तिथे बसून पोराचे बनियन मोजत होतो.

ही सवय कुठली, ते सांगतो.

तेव्हा मी हवालदार होतो, बर्फातल्या एका पोस्टवर. सेक्शनमध्ये दहा माणसं. पाचला स्टँड-टू म्हणजे हत्यारासह मोर्च्यात हजर, साडेपाचला चहा, मग फावड्यानं वाट मोकळी करायची, सातला रेडिओ चेक. रोज हेच. एका सकाळी सहाला गस्तीचं पेट्रोल निघालं. सहा चाळीसला वरून बर्फ सुटलं. मी पोस्टवरून रेडिओ उचलला.

“चार्ली वन, रिपोर्ट. ओव्हर.”

“एक आदमी दबा है. खोद रहे हैं. ओव्हर.”

“कौन? ओव्हर.”

“महादेव.”

सात पंचवीसला तो सापडला. मी वेळ लिहून घेतली. मग सगळ्यांना चहा दिला, आणि मोजून दहा मग भरले. दहावा मग बराच वेळ तिथेच होता.

जवान गेला की त्याच्या ट्रंकेची यादी होते आणि सामान घरी जातं. पण त्याआधी आमच्याकडे एक काम व्हायचं, जे कुठल्या कागदावर नसतं. त्याच्या जवळचा एक जण एकटाच ट्रंक उघडायचा. घरच्यांच्या जिवाला लागेल असं काही असलं तर बाजूला काढायचा. महादेवची ट्रंक माझ्याकडे आली. त्याचं लग्न त्याच्या आईनं ठरवलेलं होतं. ट्रंकेत दुसऱ्याच मुलीची नऊ पत्रं निघाली. मी ती बुखारीत, आमच्या शेगडीत, टाकली. न वाचता टाकली, असं मी सगळ्यांना सांगतो. दोन वाचली होती. आपण त्या माउलीवर दया केली, असं मी पुढे पंधरा वर्षं समजत होतो.

आता निखिलचं. आमचा एकुलता एक. बारावीला होता. अठरा पूर्ण होऊन, लायसन्स काढून दोन महिने झाले होते. शनिवारी बुलडाण्याहून धामणगावला घरी यायला निघाला आणि राजूर घाटात वळणावर गाडी घसरली. मला फोन आला अकरा चाळीसला. मी पहिला प्रश्न काय विचारला? “किती वाजता झालं?” पलीकडचा माणूस गडबडला. म्हणाला, “अकरा वीस असतील.” मी म्हटलं, “ठीक आहे.” काय ठीक होतं ते मला आजही माहीत नाही.

नवव्या दिवशी मी खोली रिकामी करायला गेलो. कुकरनंतर पुस्तकं, चादर, बूट. मग सॅकच्या आतल्या कप्प्यात एक खाकी पाकीट. त्यात निखिल आणि सुमेधचा फोटो होता, आणि वाढदिवसाचं हातानं केलेलं कार्ड. निखिलचं अक्षर. ‘सुमेध, तुझ्याशिवाय मला कोणीच नको. बाबांना एक दिवस सांगणारच.’

दिवाळीत तो माझ्याजवळ आला होता, हे तेव्हा आठवलं. “बाबा, एक सांगायचं हाय.” मी पेपरातून मान वर न करता म्हटलं होतं, “रिपोर्ट थोडक्यात दे.” घरातला नेहमीचा विनोद. तो हसला. म्हणाला, “काही नाही. ऑल ओके.”

मी पाकीट शर्टाच्या आत घातलं आणि पुढचा नंबर लिहिला. पेन, निळे, दोन.

“काका,” सुमेध म्हणाला, “ते नाही लिहिलं?”

“नाही.”

“जाळसान?”

तो सावधानमध्ये उभा असल्यासारखा ताठ उभा होता. अंत्यविधीला तो सगळ्यांच्या मागे, पार रस्त्याच्या कडेला उभा होता. ते मी पाहिलं होतं आणि लाजाळू पोरगा आहे असं समजलो होतो.

दुपारी घरी येऊन मी शोभाला, माझ्या बायकोला, यादी वाचून दाखवली. एकतीस नंबर. ती तुरीच्या शेंगा सोलत होती. हात थांबले नाहीत.

“झालं?”

“झालं.”

“अन् फोटो? सुमेधसंगचा?”

मी यादीची घडी घातली.

“मले गणपतीतच सांगतलं त्यानं. दोन दिवस मी जेवली नाही. तिसऱ्या दिवशी म्हटलं, पोरगा तं तोच हाय. तुमाले सांगाले भेत होता.”

मी पाकीट काढून तिच्यापुढे ठेवलं. तिनं फोटो पदरानं पुसला. “लिहा यादीत. अन् त्या पोराले फोन लावा. तेरवीले मांगं उभा राहू नको म्हणा, घरात ये.”

बत्तिसावा नंबर लिहिला. सुमेध आला. तेरवीला माझ्या शेजारी बसला. कोणी विचारलं की मी सांगायचो, “निखिलचा माणूस.” एका चुलत्यानं भुवया चढवल्या. मी त्याच्याकडे हवालदारासारखं पाहिलं. ते मला अजून जमतं. रडणं काही जमलं नाही.

पाहुणे गेल्यावर शोभाला मी महादेवचं सांगितलं. नऊ पत्रं, बुखारी, सगळं. वाचलेली दोनही सांगितली. ती म्हणाली, “त्याच्या मायलेही तिचं पोरगं पुरंच पाहिजे असन.”