तोरणाखाली न दिलेलं उत्तर

आमच्या गावच्या पोळ्यात झडत्या मी जोडायचो. बाहेरच्या वाचकासाठी सांगतो. पोळ्याच्या दिवशी बैलांच्या जोड्या आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली रांगेने उभ्या राहतात, आणि तोरण तुटेपर्यंत माणसं एकमेकांवर यमक जुळवून टोमणे मारतात. तीच झडती. शेवटी सगळे मिळून महादेवाचा गजर करतात. यात राग धरायचा नसतो. पण आमच्या गावात एक रीत होती. ज्याच्यावर झडती पडली त्याने तोरण तुटायच्या आत झडतीनेच उत्तर द्यायचं. नाही दिलं, तर ती खरी धरली जायची.

एका माणसाला अशी एक झडती चिकटली आणि त्याचं राजकारण तिथेच संपलं. ती झडती मी जोडलेली होती. तो अजून गावात आहे, मीही आहे. आमच्या दोघांपैकी कोणी जायच्या आत जे घडलं ते लिहून ठेवतो.

तो आमच्या पक्षाचा ग्रामपंचायत सदस्य होता. गाव त्याला भाऊ म्हणायचं. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान, म्हणून मी त्याला अरे-तुरे करायचो आणि तो मला दादा म्हणायचा. मी पक्षाचा चिटणीस होतो. निवडणुकीच्या आधी गावातल्या भिंतींवर गेरूने 'पाणी विकू देणार नाही' हे मीच लिहिलं होतं. विरोधी पक्षाला नळाला मीटर लावून पाणीपट्टी घ्यायची होती. आमचं म्हणणं, पाणी सगळ्यांचं, त्याला पट्टी नाही. त्यावर आम्ही मतं मागितली. पण सरपंच त्यांचा झाला आणि दोन्हीकडचे सदस्य जवळपास सारखे निवडून आले. पट्टीचा ठराव आला की एक हात कमी पडायचा आणि ठराव पडायचा. आम्ही त्याला विजय म्हणत होतो.

नळाची लाइन तेव्हा नाल्यापर्यंतच होती. नाल्यापलीकडे बौद्धांची घरं आणि मजुरी करणाऱ्यांची आणखी काही घरं होती. त्या बाया नाला उतरून, चढून, अलीकडच्या विहिरीवर यायच्या.

त्या हिवाळ्यात आम्ही दोघं कापूस घेऊन नेरच्या बाजारात गेलो होतो. काटा व्हायला वेळ होता, म्हणून एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात चहाला बसलो. तिथे त्याने विषय काढला.

"दादा, सरपंच मले म्हणून राह्यला, 'तू पट्टीले हात वर कर, मी नाल्यापलीकडं पाइप टाकतो.' काय करू?"

"त्याच्या तोंडाचा काय भरोसा?"

"दोनी गोष्टी एकाच ठरावात घेतो म्हणते. पाइप नाई तं पट्टी नाई."

"अन् आपन भिंतीवर काय लिवलं?"

"तुमचंच अक्षर आहे, मले नाई आठवन काय?" तो हसला. मग बशीत चहा ओतत म्हणाला, "पलीकडची एक बाई काल मले म्हणे, भाऊ, तुमची भिंत मी रोज वाचतो, पन तिच्यातून थेंब नाई गळत. लोकाइसमोर म्हणे. काय सांगाव तिले?"

मी थोडा विचार केला. फार नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढे मी स्वतःलाच सांगत आलो की मी नीट ऐकलं नव्हतं. मी नीट ऐकलं होतं. मी म्हणालो, "कर हात वर. पक्षाचं मी पाहून घेतो."

उन्हाळ्यात त्याने हात वर केला. सरपंचाने शब्द पाळला. मिरगाच्या आधी नाला ओलांडून पाइप गेला आणि पलीकडच्या घरांना नळ आले.

पक्षात आग लागली. माझ्या ओसरीवर पोरं जमली. एक जण म्हणाला, "दादा, हे काय चालू आहे? त्यानं काही खाल्ल्याशिवाय हात वर केला असन काय?" तेव्हा मी एक वाक्य बोलायला हवं होतं: मीच त्याला सांगितलं. मी म्हणालो, "पाहू." पुढच्या बैठकीतही 'पाहू'च म्हणालो. तालुक्याहून माणसं आली, त्यांनी विचारलं की चिटणिसाला याची कल्पना होती का. मी नाही म्हणालो. चिटणीसपद हातचं जाईल ही भीती होती, आणि ज्या पोरांना मी घडवलं त्यांच्या नजरेतून उतरायची त्याहून जास्त.

मग पोळा आला. पोरं म्हणाली, भाऊवर झडती पाहिजे. मी जोडली. तोरणाखाली म्हणालोही मीच, कारण दरवर्षी मीच म्हणायचो.

आड रे आड, पान्याचा आड,
भाऊच्या वावरात दोन रंगाचं झाड.
अर्धी फांदी इकडं, अर्धी फांदी तिकडं,
इमान कोठी टांगलं? जिकडं फळ तिकडं!

गजर झाला. हशा झाला. विरोधी पक्षाचेही हसले. भाऊ आपल्या जोडीजवळ कासरा धरून उभा होता. सगळे त्याच्याकडे वळले, कारण आता उत्तर त्याचं होतं. झडती त्यालाही चांगली जुळायची. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग बैलाच्या पाठीवरची झूल नीट केली. कोणीतरी ओरडलं, "अबे भाऊ, बोल ना! दातखिळी बसली काय?" तो बोलला नाही. तोरण तुटलं, जोड्या पांगल्या.

पंचायत समितीचं तिकीट त्याचंच होतं, तोवर सगळे तसंच धरून होते. बैठकीत त्याचं नाव निघालं तेव्हा एक जण म्हणाला, "पोळ्यात त्याले उत्तर नाई सुचलं, प्रचारात काय सुचन?" ते पुरलं. मीही मान डोलावली. तो पुन्हा कुठल्याच निवडणुकीला उभा राहिला नाही, आणि पक्षही त्याने सोडला नाही. सभेला यायचा, मागे बसायचा.

त्याने तत्त्व सोडलं की नाही, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. पट्टी वाईटच होती, असं मला आजही वाटतं. दुष्काळाच्या साली नाल्यापलीकडच्याच दोन-तीन घरांचे नळ पट्टी थकली म्हणून बंद केले, तेव्हा आमची भिंत खरी ठरली. पण ते बंद करायला आधी तिथे नळ होते. त्याने पक्षाचं एक म्हणणं सोडलं, ते उघड्या सभेत, हात वर करून, आणि आधी चिटणिसाला विचारून. त्याला बेइमान म्हणायचं असेल तर मला त्याच्या आधी म्हणावं लागेल. फळ तर त्याने खाल्लं नाहीच. ती ओळ मी यमकासाठी घातली नव्हती. ती लोकांना काय वाटेल हे ओळखून घातली होती.

यंदाच्या पोळ्याला मी काठी टेकत गेलो. जोड्या आता थोड्याच येतात, बाजूला दोन ट्रॅक्टर गोंडे बांधून उभे असतात. भाऊकडे बैल राहिले नाहीत. तो चिंचेखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता. झडत्या चालल्या होत्या, बहुतेक मोबाइलवर आणि सुनांवर. मी हात वर केला तेव्हा पोरांनी टाळ्या पिटल्या, "बुढा बोलते! बुढ्याले बोलू द्या!"

आड रे आड, तोच जुना आड,
मीच म्हनलं होतं त्याले, लाव तूच झाड.
फळ नाई खाल्लं त्यानं, पानी पेलं गावानं,
खोटं बोललो होतो मी लोकाइच्या भेवानं!

गजर सवयीने झाला. तरुणांना कशाचं काय ते कळलं नाही. आमच्या वयाचे चार-सहा जण होते, त्यांना कळलं. त्यातला एक उठून घरी गेला.

तोरण तुटल्यावर मी भाऊशेजारी जाऊन बसलो. तो मिरवत जाणाऱ्या जोड्या पाहत होता.

मी विचारलं, "तवा उत्तर काहून नाई देल्लं?"

"देल्लं असतं तं तुमचं नाव घ्या लागलं असतं," तो म्हणाला. "मग दोघंही गेलो असतो. पक्षात कोनी तरी पाहिजे होतं ना दादा."

तो काठी शोधत उठला.

"चौथी ओळ लंबी झाली तुमची," तो म्हणाला. "पहिलीवाली झडती चांगली होती."