मुलगी बघायला गेलो आणि पाम बघून आलो

कसं सांगू, सांगायला घेतलं की माझेच कान लाल होतात. पण तुम्ही सारखं विचारता ना, लग्न कुठे अडलंय? मग ऐकाच.

मी डोंबिवलीचा, मुलगी ठाण्याची, वर्तकनगरची. नाव मृणाल. फोटो बघितलेला, पण स्टुडिओवाल्याने तो इतका उजळवलेला की त्यावरून काही कळायचं नाही. फोनवर मात्र दोनतीनदा बोललेलो आणि खरं सांगतो, मला ती जाम आवडलेली. आता तिच्या घरी जायचं, पोहे खायचे, नीट बसायचं, एवढंच काम उरलेलं. निघताना आईने बजावलं, तिथे झाडांचा विषय काढायचा नाही. आमच्या गॅलरीत कुंड्यांमुळे माणसाला उभं राहता येत नाही, म्हणून तिला धास्ती.

आता मला सांगा, सोफ्याला खेटून कोणी अरेका पाम ठेवतं का? तोही माणसाएवढा उंच, नेमका माझ्या कोपराशी!

मी आधी बघितलंच नाही. मग बघितलं. पानांवर सुईने टोचल्यासारखे पिवळे ठिपके, देठाशी बारीक जाळी. माझा पाय हलायला लागला. तिचे बाबा माझ्या कोलशेतच्या ऑफिसबद्दल विचारत होते आणि मी हो-हो करत पानांची खालची बाजू बघत होतो. जवळचं बघायला मला चष्मा काढावा लागतो, तो काढून खिशात टाकला. तेवढ्यात मृणाल पोहे घेऊन आली. तिने डिश दिली, मी डिशखालचा टिश्यू पेपर काढून घेतला.

पांढरा कागद पानाखाली धरायचा आणि पानावर टिचकी मारायची, ही खरी परीक्षा. मारली. टाचणीच्या टोकाहून बारीक लाल ठिपके कागदावर पडले आणि चालायला लागले.

"लाल कोळी," मी म्हणालो. "काका, एसीच्या कोरड्या हवेत ही कीड वाढते. पानांचा रस शोषते. तुम्ही झाडाकडे बघतच नाही का?"

मृणालची आई काकांकडे बघतेय, काका पंख्याकडे. माझी आई मागून माझा शर्ट ओढतेय. सगळ्यांना उगाच खाज सुटली. मी सांगितलं, ही कीड माणसाला काही करत नाही. पण मलाच बसवेना! कात्री मागितली. होणाऱ्या जावयाला नाही कसं म्हणणार? जास्त खराब पानं छाटली, कुंडी बाथरूममध्ये नेली, शॉवर सोडला आणि उरलेली पानं उलटी करकरून साबणाच्या पाण्याने धुतली. मृणाल बिचारी टॉर्च धरून उभी. मी मान वर न करता तिला सांगतोय, अजून खाली धर.

पाम बाहेर आला तेव्हा त्याला जेमतेम चार पानं उरलेली. आणि बेल वाजली.

समोरच्या लेले काकू आलेल्या. त्यांचा पाम परत न्यायला.

हॉल भरलेला दिसावा म्हणून तो दुपारपुरता मागून आणलेला हो! आणि हे आमच्यासमोर कोणत्या तोंडाने सांगणार, म्हणून सगळं घर गप्प. काकूंनी आधी पामकडे बघितलं, मग भिजलेल्या माझ्याकडे. हे कोणी केलं म्हणून विचारलं.

"जावयांनी," मृणालचे बाबा म्हणाले. "म्हणजे, अजून काही ठरलेलं नाही."

घरी पोचल्यावर आईने आधी गॅलरीचं दार लावून घेतलं. पुढचा आठवडा मला काही सुधरत नव्हतं, हातातला फोन खाली ठेववत नव्हता. आणि मृणालचाच मेसेज आला! एकदा बाहेर भेटू, झाडं नसतील अशा ठिकाणी.

ठाण्यात एका मॉलच्या दारात भेटायचं ठरलं. नवा शर्ट घालून मी वेळेआधीच हजर. या पायावरून त्या पायावर चाललेलं माझं. शेजारी जीन्समधली एक मुलगी येऊन उभी राहिली. माझ्याकडे बघून हसली. मी तोंड फिरवलं. मृणालने बघितलं तर काय वाटेल तिला? तरी ही हलेना. शेवटी मीच म्हणालो, "एक्स्क्यूज मी, जरा पलीकडे उभ्या राहता का? माझं जिच्याशी जमतंय ती येतेय, उगाच गैरसमज नको."

"हो का? कशी दिसते ती?"

आवाज ओळखीचा होता. फोनवरचा.

मी तोंड उघडलं. जिवाच्या आकांताने चेहरा आठवायला गेलो, आणि डोळ्यांसमोर आली ती पामच्या पानाची खालची बाजू.