साहेब, बाई आणि आमदार निधी

सरकारी ऑफिसात फायली साठतात. आमच्याकडे साठतात ते किस्से. फाईल निदान दुसऱ्या खात्याकडे ढकलता येते, किस्सा ढकलता येत नाही. चार मित्र चहाला जमले, की 'साहेबांचं काय नवीन?' असं कुणीतरी विचारतंच, आणि मग माझा चहा गार होतो.

आमचं ऑफिस म्हणजे आमदार साहेबांचं शनिवार पेठेतलं जनसंपर्क कार्यालय. मी तिथला पीए. लोकांची गाऱ्हाणी ऐकणं, फोन लावणं आणि 'साहेब आत्ताच निघाले' हे चेहऱ्यावरची रेषही न हलवता सांगणं, ही माझी कामं. साहेब दुसऱ्यांदा निवडून आलेत. पक्ष, पेठ, पालिका, सगळं त्यांना सांभाळता येतं. एक गोष्ट मात्र जमलेली नाही. शाळेत त्यांना गणित शिकवणाऱ्या लेले बाई ऑफिसच्या मागच्याच बोळात राहतात, आणि साहेबांच्या एकाही कामाला त्यांनी आजवर चांगलं म्हटलेलं नाही.

"मंत्रिपद नाही मिळालं तरी चालेल रे, पण बाईंनी एकदा तरी बरं म्हणावं," असं साहेब गाडीत मला कितीदा तरी बोललेत. आणि ते हे खरंच मनापासून बोलतात, म्हणून मला त्यांची दया येते.

*

निवडून आल्या आल्या साहेबांनी आमदार निधीतून पेठेत बाकडी बसवली. आमच्या गल्ल्यांत दुसरं काही मावतच नाही. पहिलं बाकडं अर्थातच बाईंच्या इमारतीसमोर.

आठवड्याच्या आत बाई ऑफिसात हजर. तक्रार अशी, की बाकड्यावर माणसं बसतात.

मी नम्रपणे सांगितलं, की बाकडं त्यासाठीच असतं. त्यावर बाईंनी, ती नुसती बसत नाहीत, दुपारी मोठमोठ्याने बोलतात, हेही सुनावलं. साहेबांनी तडक बाकडं उचलून पुढच्या बोळात नेलं.

पुढच्या आठवड्यात बाई पुन्हा आल्या. बाकडं कुठे गेलं म्हणून विचारायला. मी म्हटलं, अहो बाई, आपणच तक्रार केली होतीत.

"तक्रार माणसांची होती," बाई म्हणाल्या.

बाकडं परत आणलं. संध्याकाळी साहेबांनी एवढंच विचारलं, की बाकडं चांगलं आहे असं काही म्हणाल्या का?

*

मग साहेबांनी मोफत शववाहिका सुरू केली. तिचा ड्रायव्हर आमचा दत्ता. एके सकाळी कसबा पेठेतून फोन आला. नाना म्हणून एक ऐंशी ओलांडलेले गृहस्थ होते. गाडी आमच्या गल्लीत वळते का, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

कुणासाठी हवी आहे, असं मी आवाज शक्य तितका खाली आणून विचारलं.

"माझ्यासाठी. पण घाई नाही. आधी ट्रायल घेऊ."

आमदाराच्या ऑफिसात मतदाराला नाही म्हणायची सोय नसते. दत्ता गाडी घेऊन गेला. शववाहिका नानांच्या दारात लागलेली बघून गल्लीत जे व्हायचं ते झालं. फुलवाल्याने हार पाठवला. समोरच्या काकूंनी गॅस बंद करून डोळ्याला पदर लावला. कुणीतरी कात्रजला नानांच्या लेकीला कळवूनही टाकलं, आणि ती रडत रिक्षात बसली.

नाना कोपऱ्यावर बनियनमध्ये उभे राहून दत्ताला गाडी रिव्हर्स घ्यायला मदत करत होते. "येऊ दे, येऊ दे, थांब." मागचं चाक एका ओट्याला अडलं. दत्ताने चार वेळा मागेपुढे करून पाहिलं आणि मान हलवली.

नानांनी फुलवाल्याला हार परत दिला, ताजा आहे, विकून टाक म्हणाले. मग दत्ताकडे वळले.

"गाडी वळत नाही तर राहू दे. आम्ही थांबतो."

*

वाढदिवसाचा फोन हीसुद्धा साहेबांचीच आयडिया. मतदाराचा वाढदिवस असला, की सकाळी मोबाईल वाजायचा आणि साहेबांचा रेकॉर्ड केलेला आवाज शुभेच्छा द्यायचा. लोक खूश होते. काही जण शेजाऱ्यांना स्पीकरवर ऐकवायचे.

बाईंच्या वाढदिवसाला बाईंनाही फोन गेला. दुपारी त्या ऑफिसात आल्या तेव्हा साहेब नेमके सापडले. बाई दिसल्या, की साहेब अजूनही खुर्चीतून उठून उभे राहतात, तसे राहिले.

बाईंचं म्हणणं, की फोनवर त्यांनी पाण्याच्या कमी दाबाबद्दल सविस्तर सांगायला सुरुवात केली, पण साहेब थांबेचनात. त्या बोलत असताना ते आपले बोलतच सुटले आणि उत्तर न देता फोन ठेवून मोकळे झाले.

साहेबांनी घाम पुसत सांगितलं, की बाई, ते रेकॉर्डिंग होतं.

"वर्गातही तू असाच होतास," बाई म्हणाल्या.

पाण्याचं काम त्याच दिवशी झालं. बाई चांगलं म्हणाल्या नाहीत. नळाला पाणी येणं हे चांगलं नसतं, ते नेहमीचं असतं, असं त्यांचं मत पडलं.

*

लग्नांना जाणं हे आमदाराचं खरं काम. विधानसभा मधल्या वेळात. एकदा आमच्या एका कार्यकर्त्याच्या मुलीचं लग्न कात्रजच्या बाजूला होतं. तिथे दोन मंगल कार्यालयं भिंतीला भिंत लावून आहेत. साहेब घाईत उतरले आणि शेजारच्या लग्नात घुसले.

मी गाडी लावायला सांगून पोहोचेपर्यंत साहेबांना फेटा बांधून झाला होता आणि हातात माईक होता. वधूपित्याने पक्षासाठी काय खस्ता खाल्ल्या, हे ते गहिवरून सांगत होते. वधूपिता कावराबावरा होऊन ऐकत होता. मी खुणा केल्या, साहेबांना वाटलं मी वेळ झाली म्हणतोय. त्यांनी आणखी पाच मिनिटं वाढवली.

खाली उतरल्यावर मी कानात सांगितलं. साहेब पांढरे पडले. तेवढ्यात वधूपित्याने त्यांचे दोन्ही हात धरले.

"आमच्या गावात आजवर कुनी आमदार लग्नाला आला न्हाई. तुम्ही तर न बोलावता आला. आता जेवूनच जायाचं हाय."

जेवलो. दोनदा जेवलो, कारण शेजारीही बसावं लागलं. कार्यकर्त्याने महिनाभर अबोला धरला. ते वधूपिता मात्र दर सोमवारी कामं घेऊन आमच्याकडे येतात. त्यांचा मतदारसंघ वेगळा आहे, हे त्यांना सांगायचा साहेबांना अजून धीर झालेला नाही.

*

आणि हा किस्सा बाईंच्या पायऱ्यांचा. बाईंच्या बोळातून रस्त्यावर यायला दगडी पायऱ्या उतराव्या लागतात. गुडघ्यांमुळे बाईंना ते अवघड व्हायला लागलं. बाईंनी कठडा मागितला. साहेबांनी असा काही जोर लावला, की स्टीलचं चकचकीत रेलिंग पंधरवड्यात उभं राहिलं. ठेकेदाराने त्याला वर्तमानपत्र गुंडाळलं, लाल फीत बांधली आणि रिवाजाप्रमाणे पाटी लावली: 'लोकार्पणापूर्वी वापरू नये.' साहेब तेव्हा अधिवेशनाला नागपुरात.

बाई बाहेर पडायच्या बंद झाल्या. रोजची भाजी नाही, देऊळ नाही. मी जाऊन विनवलं, की बाई, आपल्यासाठीच आहे, धरा खुशाल.

"पाटी कोणी लावली?"

"आम्हीच."

"मग तुम्हीच पाळायला हवी. मीही पाळते."

मी साहेबांना फोन केला, पाटी काढू का? साहेब म्हणाले, हात लावू नकोस, बाईंचं काम आहे, मी स्वतः येतो. अधिवेशनाला सुट्टी मिळताच ते रातोरात निघून पुण्यात आले.

सकाळी बोळ भरला. नारळ फुटला. सूत्रसंचालकाने 'बाईंचा लाडका विद्यार्थी' असा साहेबांचा उल्लेख केला. बाईंनी शांतपणे माईक मागून घेतला, हा गणितात एकदाही पास झाला नाही, एवढं सांगितलं आणि माईक परत दिला. साहेब हसले, पण कान लाल झाले होते.

फीत कापून झाल्यावर बाई लगेच उतरेनात. आधी साहेबांना उतरवलं. मग ठेकेदाराला, मग पालिकेच्या इंजिनिअरला, मग मला. एकेक, रांगेत, रेलिंग धरून. पोटं सावरत आम्ही सगळे खाली जाऊन उभे राहिलो. मग बाई उतरल्या. हळूहळू, एकट्या, कुणाचाही हात न घेता. वळल्या आणि चढायला लागल्या. दोन पायऱ्या चढून थांबल्या.

साहेब मान उंच करून बघत होते. मीही.

"उतरताना कठडा उजव्या हाताला आहे," बाई म्हणाल्या. "चढताना तो डाव्या हाताला येतो, आणि माझा डावा हात वर जात नाही. निम्मं बरोबर आहे."

आणि पुन्हा खाली उतरून देवळाकडे चालू लागल्या.

मला वाटलं, आता ठेकेदाराची धडगत नाही. मी साहेबांकडे बघायचं टाळलं. गाडीत बसलो. साहेबांनी लगेच मोबाईल काढून घरी फोन लावला.

"अगं, ऐक," साहेब जवळजवळ ओरडलेच, "बाईंनी मला निम्मे मार्क दिले."