कंसातलं नाव

माझा दोस्त माधव गेल्याला आता पाच आठवडे होतील. फोन त्याच्या मुलीचा, नेहाचा होता. "काका, बाबा नहीं रहे... सकाळी चहा मागितला, आणि आणेपर्यंत..." सिहोऱ्याहून मिळेल ती बस पकडली, तरी ग्वारीघाटावर पोचलो तेव्हा लाकडं रचून झाली होती. चेहरा तेवढा दिसला. बोलायचं होतं ते आठ वर्षं राहिलं होतं, ते राहूनच गेलं.

माधव फॅक्टरीत लेथवर काम करणारा टर्नर होता. आम्ही विशीत असताना त्याच्या शेजारचे एक रेल्वे गार्ड कुटुंबासह कायमचे परदेशी निघाले आणि जाताना आपला रेकॉर्ड प्लेअर आणि एक रेकॉर्ड त्याला देऊन गेले. लंडनच्या पाच पोरांच्या रॉक बँडची, अगदी सुरुवातीची. मला त्यातला ठेका तेवढा आवडायचा. माधव मात्र भिंग घेऊन रेकॉर्डच्या मधलं गोल लेबल वाचत बसायचा. "हे गाणं या पोरांचं नाहीच रे," एकदा तो म्हणाला. "पाह्य, कंसात गाणं रचणाऱ्याचं नाव आहे, ते दुसऱ्याचंच."

त्या कंसातल्या नावांमागे त्याने पुढची चाळीस वर्षं घालवली. शिकागोचे ब्लूज गाणारे काळे गायक, चर्चमध्ये गळा तयार झालेले सोल गायक... कुठून कुठून कॅसेटी मागवायचा. आधी लंडनचं गाणं लावायचा, मग मूळचं. मी एकदा म्हटलं, "म्हणजे ही पोरं चोरच की!" तर चिडला. "चोर नाहीत. जीव लावून शिकून राहिली आहेत. फक्त ज्याचं आहे त्याचं नाव घ्या, बस."

मी शिक्षक. निवृत्तीनंतर एका पेपरच्या पुरवणीत या संगीतावर वर्षभर लेखमाला लिहिली. दर शनिवारी महाराजपुरात त्याच्या घरी बसायचो, तो ऐकवायचा, सांगायचा. घरी येऊन मी ते उतरवायचो. पण लेखात सगळीकडे 'मी' होतो. मी शोधलं, मी ऐकलं... वाचायला ते बरं वाटतं, अशी मनाची समजूत घातली होती. लेखमाला गाजली. सत्कारात कुणीतरी विचारलं, "हे सगळं कुणाकडून शिकलात?" मी म्हणालो, "कुणाकडून नाही. कान उघडे ठेवले." माधव तिसऱ्या रांगेत होता. त्यानेही टाळ्या वाजवल्या.

बाहेर आल्यावर तेवढंच म्हणाला, "काहून रे, माझं नाव घ्यायला एवढा घाबरलास?" मी बसची वेळ झाल्याचं सांगून निघालो. नंतर शनिवार बंद झाले. दिवाळीला त्याचा फोन यायचा. तब्येतीचं, पोरांचं बोलायचो. ते एक सोडून सगळं.

गेल्या आठवड्यात त्याच्या घरी गेलो. शैलावहिनींनी कपाटातून एक फाइल काढून माझ्यापुढे ठेवली. माझे सगळे लेख, कापून, ओळीने लावलेले. समासात पेन्सिलीने दुरुस्त्या: इथे साल चुकलं, इथे गिटार दुसऱ्याची.

"पेपर आला की आधी हेच," वहिनी म्हणाल्या. "मला मोठ्याने वाचून दाखवायचे. म्हणायचे, आपल्या दोस्ताने काय सुंदर लिहिलं!"

मला राहवेना. म्हटलं, "वहिनी, यातलं माझं काहीच नाही. सगळं त्याचं आहे."

"मला माहीत आहे, भाऊजी," त्या शांतपणे म्हणाल्या. "मी तर दर शनिवारी तुम्हाला चहा आणून देत होती ना."

मग त्यांनी फाइल माझ्यापुढून उचलली, मिटली आणि परत कपाटात ठेवली.