चंद्रकोरीचा पहिला सलाम

आमच्या शेजारचे चाचा सौदीतली नोकरी सोडून महाडला परतले, तेव्हापासून दर अमावास्येनंतर संध्याकाळी गच्चीवर चढतात. चंद्रकोर स्वतः बघितल्याशिवाय त्यांचा महिना सुरू होत नाही.

बाबिलोनचे लोकही असाच महिना धरायचे, असं मी शाळेत शिकवतो. चाचांना सांगितलं, तर म्हणाले, "त्यांना पण डोंगर आडवा यायचा काय रे?"

कोर दिसली की पहिला सलाम ते शेजारी उभ्या चाचींना करायचे. चाची या पावसाळ्यात वारल्या.

काल कोर दिसली. चाचांनी सवयीने वळून सलाम केला. तिथे फक्त पाण्याची टाकी होती. मला राहवलं नाही. माझ्या गच्चीवरून मीच "वालेकुम सलाम" म्हणालो.

चाचांनी माझ्याकडे बघितलं. "तुला नाय केला रे," म्हणाले आणि खाली उतरले.