दोन बोटं खाली

दत्तू गाडेकरनं मला फसवलं नाही. मी त्याला फसवलं. हे वाक्य आजवर माझ्या तोंडून एकदाही निघालेलं नाही — बायकोजवळ नाही, देवाजवळ नाही. उलटंच सांगत आलो, आणि तेही मोठ्या आवाजात. आवाज माझा मोठाच आहे. नगरात हाताशी काही नसताना लाकडाची वखार उभी करायची, तर तो लागतो.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. गाडेकर एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर. संध्याकाळी शाळेमागच्या मुरमाड मैदानावर तो आणि मी गल्लीतल्या पोरांना फुटबॉल खेळवायचो. आठ-नऊ वर्षांची पोरं, एका बाजूला पाच, दगड मांडून केलेले गोल. गाडेकर गोल मोजायचा नाही. एक बाजू फारच भारी पडली, की तिच्यातलं चांगलं पोर उचलून दुसरीकडे द्यायचा. रडणाऱ्याला बाहेर बसवायचा नाही. रडत रडत खेळू द्यायचा. मला हे पटायचं नाही. जिंकायचं नाही तर धावायचं कशाला? मी ओरडायचो, कच्च्या पोरांना घरी पिटाळायचो. एकदा सगळ्या आयाबापांसमोर तो हसत म्हणाला, "शेठ, पोरं हायेत ती, वासे न्हाईत. वाजवून काय बघता?"

लोक खो खो हसले. एवढी वर्षं झाली — आणि खरं सांगू? ते हसणं अजून टोचतं. तो चुकीचं बोलला होता का? नाही. पण चारचौघांत बोलायची गरज होती का?

मी माझी पोरं घेऊन वेगळा झालो.

दसऱ्याच्या आधी त्याच मैदानावर पाच-पाच जणांच्या खेळाची स्पर्धा ठरली. लहान पोरांची. पण लहान कोण, हे कसं ठरवायचं? वयावर कोण विश्वास ठेवणार — अर्ध्या पोरांची जन्मतारीख मास्तरांनी नाव घालताना एक जून लावून दिलेली. म्हणून उंची बघायची. दोन वासे पुरायचे, वर आडवी काठी ठोकायची, पोरानं ताठ चालत खालून जायचं. डोकं लागलं की बाद. ही चौकट कुणी करायची? लाकूड माझं, माप माझं. शेठनं ठोकलेलं माप दुसऱ्या कुणी पुन्हा मोजायचा प्रश्नच नव्हता.

गाडेकरकडे किसन नावाचं पोरगं होतं. पाथर्डीकडचं. आईबाप दर वर्षी ऊसतोडीला जात. याला नगरला मामाकडे ठेवलेलं. शाळेत पाय टिकला तो चेंडूपायी. संध्याकाळी खेळायचं असेल तर सकाळी शाळेत दिसायला हवं, असा गाडेकरचा नियम. आदल्या संध्याकाळी चौकट पुरून झाल्यावर किसन तिच्याखालून गेला. अगदी बेतात, पण गेला. मी बघत होतो. चेंडू पायात घोळवत नेणारं ते पोर माझ्या पाचही जणांना पुरून उरलं असतं.

बघा, इथवर आलो की मी वखारीकडे वळतो, लाकडाचं सांगत बसतो. आज नाही वळत.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता, मैदानावर कुणी नसताना, मी घण घेऊन गेलो आणि दोन्ही वासे दोन बोटं खाली घातले. पक्का मुरूम आहे तिथला. वासे आपोआप खचत नाहीत. माझी पोरं बुटकी होती. ती आरामात जाणार होती.

किसनच्या डोक्याला काठी लागली. "काल बसत हुतो की मी, दादा," तो गाडेकरला म्हणाला. नळावर जाऊन केस भिजवून, चापून आला. पुन्हा लागली. तिसऱ्या वेळी त्यानं गुडघे किंचित वाकवले — तुम्ही काय केलं असतं त्या वयात? मी तिथंच ओरडलो, "वाकतंय! वाकायला शिकवून आणलंय पोराला!"

सगळं मैदान गोळा झालं. गाडेकरनं विचारलं, "किसन्या, वाकलास?"

"व्हय," पोरगं म्हणालं. खोटं बोललं नाही.

पंचांनी गाडेकरला मध्ये उभं करून विचारलं, "पोराला वाकायला कुणी शिकवलं?" तो चौकटीकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. त्याला कळलं होतं का? मला वाटतं, कळलं होतं. फिटर माणूस. पण तो किसनच्या खांद्यावर हात ठेवून उरलेल्या पोरांकडे वळला. त्याची चार पोरं खेळली. त्याच्या रीतीनं मीही एक पोर कमी करायला हवं होतं. केलं नाही. आम्ही जिंकलो.

त्यानंतर आयाबापांनी गाडेकरकडची पोरं काढून घेतली. लबाडी शिकवतो म्हणाले. काही महिन्यांत त्यानं दुसऱ्या डेपोत बदली मागून घेतली. किसन लाजेनं शाळेत जाईना. दसरा झाल्यावर बाप त्याला ऊसतोडीला, कोयत्यावर घेऊन गेला. ते तसंही झालं असतं, असं मी पुष्कळदा स्वतःला सांगून बघितलं. सांगून झालं की पुन्हा पहिल्यापासून सुरू.

आणि माझं काय झालं? दर वर्षी मैदानावरून बोलावणं यायचं — "शेठ, चौकट तुमच्याच हातची पाहिजे, सरळ माणूस तुम्ही." नाही कसं म्हणणार? कारण विचारलं असतं. गेलो. दर वर्षी अचूक माप ठोकलं, खुर्चीवर बसलो, आणि एकेक पोर ताठ मानेनं काठीखालून माझ्याकडे बघत गेलं. लोकांनी मला हार घातला, चहा पाजला. कुणी तिथून हलू द्यायचं नाही, आणि खरं बोलल्याशिवाय मला हलता यायचं नाही.

मैदानाच्या मधोमध विचारलेल्या त्या प्रश्नाला गाडेकरकडे उत्तर नव्हतं. असायचं कारणच नव्हतं. जाब माझ्याकडे मागायचा होता, आणि तो अजून द्यायचा आहे.

पोराला वाकायला मी शिकवलं.