स्वतःसाठी घेतलेला रंधा

हनुमंतराव करवत शेवग्याच्या शेंगांत लपवून घरी आणत. पिशवीतून शेंगांची टोकं वर डोकावत असायची आणि त्यांच्यातच वर्तमानपत्रात गुंडाळलेली लहानशी करवत असायची. मद्रासमधल्या वेस्ट मांबलमच्या आमच्या इमारतीत ते वरच्या मजल्यावर राहत, मी अगदी त्यांच्या खालच्या घरात. आम्ही नुकतेच सांगलीहून आलो होतो, मला इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात नोकरी लागली होती. एका शनिवारी सकाळी ते मला जिन्यात भेटले, तेव्हा पिशवीचा बंद तुटला आणि शेंगांबरोबर करवतही पायरीवर खणकन पडली. मी ती उचलून दिली. त्यांनी आधी वरच्या मजल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुम्ही मराठी की?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं. "घरांत बोलतांना मी ऐकलों."

मी हो म्हणालो.

"मग हे तुमच्या घरीं ठेवतां? अक्का बघितली तर..." पुढचं न बोलताच करवत माझ्या हातात देऊन ते शेंगा घेऊन वर गेले.

कित्येक पिढ्यांपूर्वी तंजावरला जाऊन राहिलेल्या मराठी घराण्यातले ते. त्यांच्या मराठीला तमिळची चाल होती आणि 'मी केलं' असं ते कधी म्हणत नसत, 'मी केलों' म्हणत; 'हवं'च्या जागी 'होणं' म्हणत. पहिल्यांदा ऐकताना मला हसू यायचं. पुढे त्या बोलण्याची इतकी सवय झाली की सुट्टीत सांगलीला गेल्यावर तिथलीच मराठी कानाला सपाट वाटायची.

गिंडीच्या एका कंपनीत ते खरेदी विभागात अधिकारी होते आणि तिथूनच निवृत्त झाले. कंपनीसाठी मोठमोठ्या यंत्रांचे सौदे करताना ज्यांचा हात कधी अडखळला नाही, ते स्वतःसाठी एक साधी पटाशी घ्यायची म्हटलं की दुकानासमोरून दोनदा पुढे जाऊन परत येत. मग ती घेतलीच, तर परतताना मांबलम स्टेशनबाहेर अक्कांसाठी मोगऱ्याचा गजरा घेत. करवतीला एक गजरा, पटाशीला एक गजरा. "स्वतःला कायतरी घेतलों की पावम लागतं," ते सांगत. तमिळमध्ये पाप आणि 'बिचारा' या दोन्हींना 'पावम' हा एकच शब्द आहे. हनुमंतराव दिवसभर तो दोन्ही अर्थांनी वापरत, आणि पापाच्या अर्थी फक्त स्वतःबद्दल.

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण कमळाक्का. वडील गेले तेव्हा हनुमंतराव शाळेत होते. अक्कांनी कॉलेज सोडलं, मद्रासला येऊन एका विमा कंपनीत टायपिस्टची नोकरी धरली आणि भावाला इंजिनिअर केलं. त्यांना एक चांगलं स्थळ आलं होतं, तेही त्यांनी भावाच्या शिक्षणासाठी परत पाठवलं. घरी येणाऱ्या प्रत्येकाला त्यांची आई हे सांगायची आणि हनुमंतराव ते ऐकतच मोठे झाले. पुढे त्यांनीही लग्न केलं नाही. मी एकदा कारण विचारलं, तर ते माझ्याकडे नवलानं बघत म्हणाले, "अक्का एकटी असतांना मी बायको आणून बसवूं?"

माझी बाल्कनी हळूहळू त्यांची कार्यशाळा झाली. मला घरासाठी पुस्तकांचं शेल्फ करायचं होतं आणि मी उत्साहानं हत्यारांची एक चकचकीत पेटी ऑनलाइन मागवली होती. हनुमंतरावांनी ती उघडून पाहिली. "पेटी बरी आहे. चार वस्तू कामाला येतील, बाकीच्या पेटी भरायला." मग त्यांनी मला हत्यारं घ्यायला शिकवलं. "स्वस्त घे, पण एक एक घे. काम अडलं की घे." करवत डोळ्यासमोर धरून पातं सरळ आहे का बघायचं. काटकोन तपासायचा गुण्या घेताना फळीवर रेघ मारायची, गुण्या उलटा करून पुन्हा मारायची, दोन्ही रेघा एकावर एक आल्या तरच घ्यायचा. जुन्या पटाशीवर वरून गंज असेल तर असू दे, पण धारेजवळ सपाट बाजूला खड्डे असतील तर फुकटही घ्यायची नाही. "मुठीचा रंग बघून पैसे देऊं नकोस. पोलाद बघून दे." आणि हत्याराच्या आधी धार लावायचा दगड घ्यायचा. "धार नसली की माणूस जोर लावतो. जोर लावला की हात कापतो."

शनिवारी आम्ही मांबलमहून गाडीनं बीच स्टेशनला जात असू आणि ब्रॉडवेच्या हत्यारबाजारातल्या गल्ल्यांमधून हिंडत असू. घरी ते दरवेळी काहीतरी वेगळं कारण सांगत. बँक, पेन्शन, जुना सहकारी आजारी. घेतलेल्या प्रत्येक हत्याराला त्यांच्याकडे एक सबब असे, अक्कांच्या देवघराचं दार उतरलंय, नाहीतर स्वयंपाकघरातली फळी सैल झालीय.

त्या शनिवारी ते दातांच्या डॉक्टरांकडे जातो म्हणून निघाले होते. एका जुन्या हत्यारांच्या दुकानात त्यांना लोखंडी रंधा दिसला. त्यांनी तो काउंटरच्या काचेवर ठेवून चारी कोपऱ्यांवर बोट दाबून पाहिलं. जराही डुगडुगला नाही. पातं काढून उजेडात धरलं, परत बसवलं, हातात घेऊन नुसते उभे राहिले. मी विचारलं, "मामा, यानं काय दुरुस्त करायचं?"

"कायच नाही," ते म्हणाले. "हा माझ्यासाठी."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी पडद्यावर पाहिलं. "अक्का. मागें लॉरीचे हॉर्न ऐकली तर दातांच्या डॉक्टरकडे लॉरी कशी, विचारेल." त्यांनी फोन कापला. तो लगेच पुन्हा वाजला. पुन्हा कापून त्यांनी तो खिशात टाकला आणि दुकानदाराशी घासाघीस सुरू केली. रंधा त्यांना हव्या त्या किमतीत मिळाला. कोपऱ्यावर आम्ही कॉफी घेतली. इतके खुशीत मी त्यांना पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. पिशवी मांडीवर धरून ते कंपनीतले जुने किस्से सांगत होते, तेव्हा मला मेधाचा, माझ्या बायकोचा, फोन आला.

अक्का स्वयंपाकघराबाहेर ओल्या फरशीवरून घसरल्या होत्या. फोन कमरेला खोचलेला होता म्हणून पडल्या पडल्या त्यांनी भावाला लावला. भाऊ उचलत नाही म्हटल्यावर हाताशी आलेला स्टीलचा पेला त्या फरशीवर आपटत राहिल्या. खाली मेधाला तो आवाज ऐकू आला. दाराची कडी तोडून शेजाऱ्यांनी त्यांना बाहेर काढलं. खुब्याचं हाड मोडलं होतं.

हॉस्पिटलच्या बाकावर हनुमंतराव माझ्याशेजारी बसले होते. रंध्याची पिशवी बाकाखाली होती. मी काहीबाही समजूत घालत होतो, ओली फरशी काय तुम्ही केलीत का, वगैरे. ते म्हणाले, "मी फोन कापलों, अवी. नांव बघितलों आणि कापलों." शस्त्रक्रिया संपल्यावर ते आत गेले; बाकाखालची पिशवी मीच घरी आणली.

अक्का वॉकर घेऊन घरी आल्या. हनुमंतरावांनी माझ्या बाल्कनीत पाऊल टाकणं बंद केलं. हत्यारं कुणाला तरी देऊन टाक, म्हणाले. मी ती पुसून, तेल लावून, कापडात बांधून ठेवली. वर त्यांची सेवा चालू होती आणि ती बघवत नव्हती. अक्का उठल्या की ते उठत, अक्का खोकल्या की पाणी घेऊन उभे राहत. कॉफीचा डबासुद्धा त्यांना उघडू देत नसत. दुपारी त्या झोपल्या की त्यांच्या दारातच खुर्ची टाकून बसत. महिनाभरात ते अक्कांपेक्षा म्हातारे दिसू लागले.

एकदा ते औषधं आणायला गेले असताना अक्कांनी मला वर बोलावून घेतलं.

"हत्यारं तुझ्याकडे आहेत की?"

मी गडबडलो.

"मजला पहिल्यापासून ठाऊक आहे. आठवड्याआड शेवगा कोण खातो? शर्टाला लाकडाचा वास, हातांत गजरा. गजरा आणला की मी समजायची, आज हनुमा स्वतःला कायतरी घेतला." त्या हसल्या आणि एकदम थांबल्या. "तेव्हां नुसती हसून सोडलीं, ती चूक केलीं. तेव्हांच बोलायला होणं होतं."

मग त्यांनी मला जे सांगितलं ते मी आधी कधी ऐकलं नव्हतं. "मी त्याच्यासाठी कायच सोडलीं नाही, अवी. मजला कॉलेजपेक्षा ऑफिस आवडलं. हातांत पगार, संध्याकाळी मैत्रिणींबरोबर बीच. तो मुलगा बघायला आला तेव्हां मीच आईला सांगितलीं, लग्न नक्को. आई लोकांना काय सांगणार? धाकट्यासाठी त्याग केली म्हणून सांगितली. मी गप्प बसलीं. ऐकायला बरं वाटत होतं." त्या वॉकरच्या मुठीवर अंगठा घासत राहिल्या. "तो लग्न नक्को म्हणाला तेव्हां तरी सांगायचं. तेव्हांही गप्प बसलीं. घरांत सोबत होती मजला."

"मी सांगू का त्यांना?" मी विचारलं.

"तूं नक्को. मीच सांगतें."

त्याच आठवड्यात त्यांनी सांगितलं. कसं ते मला माहीत नाही. संध्याकाळी हनुमंतराव कितीतरी दिवसांनी माझ्या दारात आले, आत आले नाहीत. डोळे लाल होते. "अक्का माझ्यासाठी आता खोटंसुद्धां बोलते, अवी," ते म्हणाले. "माझं मन हलकं व्हावं म्हणून. ऑफिस आवडत होतं म्हणते. आणखी किती करेल ती?" आणि हळूहळू जिना चढून गेले.

खरं सांगून काही उपयोग नाही हे अक्कांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी दुसरी वाट धरली. एक दिवस भावाला म्हणाल्या, "बाथरूमांत धरायला लाकूड होणं. बाजारातलं स्टीलचं हाताला गार लागतं." अक्कांना हवंय म्हटल्यावर हनुमंतरावांना नाही म्हणता येईना. ते खाली आले, न बोलता गाठोडं सोडलं आणि पहिल्यांदाच तो लोखंडी रंधा लाकडावर चालवला. सागाची लांब, पातळ सालपटं निघत होती. मधेच थांबून त्यांनी एक बोटाला गुंडाळून पाहिलं, लगेच टाकून दिलं आणि मान खाली घालून पुन्हा कामाला लागले. ती दांडी त्यांनी इतकी गुळगुळीत केली की अक्का म्हणाल्या, आता हात घसरेल. मग पुन्हा थोडी खडबडीत केली.

त्यानंतर अक्कांच्या मागण्या थांबल्या नाहीत. पाय ठेवायला स्टूल हवं. ते उंच झालं, एक बुटकं हवं. खिडकीशी एक, गॅसजवळ एक. चष्म्याला पेटी, गोळ्यांना पेटी, रिकाम्या पेट्या ठेवायला कपाट. "अक्काला जेवढं होणं तेवढं कमीच," असं म्हणत हनुमंतराव कामाला बसत. आता शेंगांची गरज नव्हती. करवत उघडी हातात घेऊन ते जिना चढत. पण गजरा आणणं सोडलं नाही, आणि गोड बोलून मी कितीदा सांगितलं तरी त्या रंध्यानं स्वतःसाठी एकही वस्तू केली नाही. माझं शेल्फ मात्र करून दिलं.

गेल्या वर्षी एका पहाटे ते झोपेतच गेले. अक्कांनी कॉफीची वेळ झाली म्हणून हाक मारली, तेव्हा कळलं.

महिन्याभरानं अक्कांच्या नात्यातली एक भाची त्यांना कोइम्बतूरला न्यायला आली. मी आणि मेधा सामान बांधायला वर गेलो होतो. सगळ्या घरभर स्टुलं होती, एकात एक रचून ठेवली तरी भिंत भरली. भाची खाली गाडी बघायला गेली आणि मेधा आत भांडी बांधत होती. अक्का खिडकीशी बसल्या होत्या. "एवढी स्टुलं कोणाला होणं?" त्या म्हणाल्या. "मजला एकाचंही काम नव्हतं. पण मी कायच सोडलीं नाही म्हटलेलं शेवटपर्यंत तो खरं मानला नाही." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुजला तरी खरं वाटलं की, अवी?"

त्या दुपारी त्यांचं बोलणं मला अगदी खरं वाटलं होतं. पण नंतर ती दांडी, ती स्टुलं, भावासाठी त्या किती सहज खोटं बोलू शकतात हे मी वर्षानुवर्षं पाहत आलो होतो, आणि खरं काय ते मला खरोखरच ठाऊक नव्हतं. थांबलो असेन क्षणभरच, पण त्यांची नजर माझ्यावरच होती.

"वाटलं, अक्का," मी म्हणालो.

"सरी, बरं," त्या म्हणाल्या आणि तोंड खिडकीकडे वळवलं. मी खाली वाकून पुढच्या स्टुलाला दोरी बांधायला घेतली, कारण आता त्यांच्याकडे बघणं मला शक्य नव्हतं.